ऐकणारीची रेघ

ताण सगळ्यांत उत्तम हाताळणारी कर्मचारी म्हणून मोनाली इंगोलेचा सत्कार ठरला तेव्हा तिला एकच धास्ती होती. तिथे कुणीतरी विचारणार, "मॅडम, हे तुम्ही जमवता कसं?" आणि तसंच झालं. पुण्याहून आलेल्या समुपदेशकाने, शौनक आपटेने, शाल तिच्या खांद्यावर पुरती बसायच्या आतच माईक पुढे केला.

"प्राणायाम," मोनाली म्हणाली.

धडधडीत खोटं होतं ते. नाक दाबून श्वास घ्यायला ती आयुष्यात कधी बसली नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून अकोल्याच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातली बेचाळीस माणसं चहाच्या सुट्टीत नाकपुड्या दाबून बसू लागली. कॅन्टीनवाल्याचा चहा थंड व्हायला लागला आणि तो मोनालीकडे रागाने बघू लागला.

या माणसांचं काम असं, की दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण ऐकायचा. कुणाचा बाप छाती धरून बसलेला, कुणाची पोर विहिरीत पडलेली. ऐकायचं, पत्ता काढायचा, गाडी पाठवायची, आणि गाडी रुग्णालयाच्या दारात पोचली की पडद्यावर 'प्रकरण बंद' अशी हिरवी पट्टी यायची. त्यापुढचं विचारायचं नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हे शिकवलं जायचं आणि त्यात शहाणपण होतं. माणूस वाचला की गेला याचा विचार करत बसलं तर पुढचा फोन उचलायचा कुणी?

अशा कामात माणसं टिकत नसत, म्हणून सरकारने दोन वर्षांपूर्वी सगळ्यांच्या गळ्याच्या हाडाखाली एक चकती चिकटवली. आठ आण्याच्या नाण्याएवढी. ताण आला की मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहान ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतात. रक्तातलं थोडं घामात उतरतं. घाम आपल्याला जाणवत नसला तरी कातडीवर तो सतत असतोच, आणि चकती त्यातलं कॉर्टिसॉल मोजत राहते. पाव तास उशिराने का होईना, पण माणसाच्या आत काय चाललंय त्याची रेघ मोबाइलवर उमटते. ताण वाढला की रेघ वर, उतरला की खाली. तोंडाने कितीही हसलात तरी रेघ काही हसत नाही.

नुसतं मोजून भागत नाही हे सरकारलाही कळलं होतं. ताण घालवायच्या प्रत्येकाच्या सवयी ठरलेल्या असतात. कुणी तंबाखू मळतो, कुणी बायकोवर ओरडतो. त्या बदलायला माणूस किती तयार आहे हे ठरवायला शौनकने पाच पायऱ्या आणल्या होत्या. पहिली, बदलायचं मनातच नाही. दुसरी, विचार चालू आहे. तिसरी, तयारी झाली. चौथी, बदल सुरू झाला. पाचवी, बदल अंगवळणी पडला. दर तिमाहीला प्रश्नावली भरायची. जो पहिल्या पायरीवर आणि ज्याची रेघ वर, त्याला फोनवरून उठवून नोंदी ठेवायच्या खोलीत बसवायचे.

मोनाली पाचव्या पायरीवर होती. दिवसभर इतरांसारखीच चढलेली तिची रेघ संध्याकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान अशी खाली यायची, की शौनकला सुरुवातीला तिची चकती बिघडली असं वाटलं होतं. 'तुमची सध्याची पद्धत बदलावी असं तुम्हाला वाटतं का?' या प्रश्नापुढे ती दर वेळी 'गरज नाही' वर खूण करायची.

तिची पद्धत म्हणजे तिची सासू.

चंद्रकलाबाई इंगोले. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी सेविका. हजेरीला न आलेल्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या बापाला चार शब्द सुनावणारी बाई. सुनेलाही त्यांनी काही कमी सुनावलं नव्हतं. भाजीत मीठ जास्त, नोकरीत जीव जास्त, घरात लक्ष कमी. तीन वर्षांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि ते सगळं एका सकाळी थांबलं. उजवी बाजू गेली, जीभ आणि घसा गेला. डोळ्यांनी अक्षरं टिपायचं यंत्र आणून पाहिलं, पण पापणी अर्धी पडलेली, यंत्राला त्यांची नजरच सापडेना. ते कपाटात गेलं. उरला डावा हात.

मोनालीने त्या हातासाठी नियम केला. एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. तिचा नवरा विलास चंद्रपूरच्या वीज केंद्रात, पंधरा दिवसांनी यायचा, आणि आला तरी "ऑफिसचं घरात नको आणू" म्हणायचा. दिवसभर सासूजवळ रंजना नावाची बाई असायची. सात वाजता मोनाली आली की ती पिशवी उचलून निघायची. मग मोनाली पलंगाजवळ खुर्ची ओढायची, सासूचा हात हातात घ्यायची आणि कक्षात फोन घेते त्याच सुरात आठ प्रश्न विचारायची. दुखून राहिलं का? तहान लागली? श्वास मोकळा येते? कूस बदलू? थंडी वाजते? ओलं झालं का? पोटात गडबड? औषध घेतलं? आठ उत्तरं झाली की काम संपलं. तिच्या हिशेबी फोन बंद.

आणि मग ती बोलायला लागायची. अर्धा अर्धा तास. सकाळी कोण कसं किंचाळलं, कोणत्या पोराने बापाचा श्वास थांबल्याचं फोनवर मोजून सांगितलं. सगळं. सासू छताकडे पाहत पडलेली असायची. तिच्याकडून बाहेर काही जाणार नव्हतं, ती मध्येच 'मी तुला सांगितलं होतं' म्हणणार नव्हती. शेवटी मोनाली सुस्कारा सोडून उठायची, आणि त्याच वेळी सासू तिचा हात दाबायची. दाब दाब. मोनालीला भरून यायचं. ज्या बाईने कधी पाठीवरून हात फिरवला नाही ती आता आपल्याला थोपटते, असं तिला वाटायचं. रात्री ती शांत झोपायची.

एकच प्रकरण तिने एकदा सांगितलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. आठ महिन्यांपूर्वी बाळापूर रस्त्यावरच्या एका वस्तीतून फोन आला होता. घरीच बाळंत झालेली बाई, बाळ निळं पडत चाललेलं. संगणकाने सगळ्यात जवळची गाडी दाखवली. पण तिच्या वाटेत रेल्वेचं फाटक होतं, आणि त्या वेळी ते हमखास बंद असतं हे मोनालीला बारा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. तिने संगणकाचं न ऐकता दुसरीकडची गाडी पाठवली. त्या दिवशी फाटक उघडं होतं. अकरा मिनिटं जास्त गेली. गाडी पोचली, बाळ रुग्णालयात गेलं, हिरवी पट्टी आली. चौकशीत कुणी तिला दोष दिला नाही, उलट अनुभवाने निर्णय घेतला असा शेरा मारला. त्या संध्याकाळी तिने सासूला सगळं सांगितलं आणि मनाचं ते दार लावून टाकलं.

दिवाळीनंतर सासूचं रक्तदाबाचं मोजमाप बिघडलं. मेंदूच्या डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "संध्याकाळी वाढतोय. रोज. दुसरा झटका आला तर या वाचायच्या नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो. सात वाजता घरात काय असतं?"

"काहीच नाही," मोनाली म्हणाली. "मी येते."

डॉक्टरांनी सासूलाही चकती लावली. घरात आधीच एक चकती मोनालीच्या नावावर असल्याने दुसरीची रेघ आपोआप तिच्याच मोबाइलवर यायला लागली. बारा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत तिने सहज उघडून पाहिलं. तिची निळी, सासूची तांबडी. दिवसभर तांबडी जमिनीला लागलेली. सात वाजले की निळी उतरणीला लागायची आणि तांबडी चढणीला. मध्ये कुठेतरी दोघी एकमेकींना ओलांडून जायच्या. बारा दिवस, बारा फुल्या.

डबा तसाच राहिला. फाइलमधला पहिल्या वर्षीचा एक शेरा तिला आठवला, जो वाचूनही तिने वाचला नव्हता. 'बोलणं गेलं, समज पूर्ण शाबूत.' आणि मग तो हात आठवला. दाब दाब. दोनदा म्हणजे नाही. नियम तिनेच केला होता. फक्त आठ प्रश्न संपल्यावर तो लागू राहतो हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण तिच्या लेखी तोवर फोन बंद झालेला असायचा. तीन वर्षं एक बाई तिला रोज नको म्हणत होती आणि ही रोज माया समजून डोळे पुसत होती. मोनालीला इतकी लाज वाटली की तिने मोबाइल पालथा ठेवला.

दुपारी ती शौनकच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"सर, मी प्राणायाम करत नाही."

तिने सगळं सांगितलं. शौनक तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता, पण ऐकताना त्याने पेनाशी चाळा केला नाही, हे तिला बरं वाटलं.

"याला आम्ही ऐकीव ताण म्हणतो," तो म्हणाला. "दुसऱ्याचं दुःख ऐकताना ऐकणाऱ्याच्या शरीरातही तेच रसायन वाढतं. चालत्याबोलत्या माणसाकडे उपाय असतात. तो उठून जातो, विषय बदलतो, 'अगं पुरे' म्हणतो. तुमच्या सासूबाईंना यातलं काहीच करता येत नाही."

"म्हणजे मी माझा ताण घालवत नव्हते. त्यांच्या अंगावर ढकलत होते."

"तसं म्हणू नका."

"मग कसं म्हणू?"

शौनकने तिची प्रश्नावली पुढे ओढली. तो म्हणाला, "पाचव्या पायरीवर तुम्ही कधी नव्हताच. पहिलीवर होतात. पहिलीवरच्या माणसाला आपण पहिलीवर आहोत हे कळत नाही, तीच तिची खूण."

त्या दिवसापासून मोनालीने सासूला काही सांगणं बंद केलं. आठ प्रश्न, आठ उत्तरं, आणि सरळ स्वयंपाकघर. खोटं बोलून पसरवलेला प्राणायाम ती आता खरोखर करू लागली. पहाटे नेहरू पार्कला फेऱ्या मारल्या, वहीत लिहून पाहिलं. रेघ ढिम्म हलेना. तिसऱ्या आठवड्यात एका फोनवर तिने गावाचं नाव दोनदा चुकवलं, आणि पर्यवेक्षकांनी रेघ खाली आणायला महिनाअखेरीपर्यंतची मुदत दिली. ती नोंदींच्या खोलीत जायलाही तयार झाली होती. सासूला दुसरा झटका आपल्यामुळे येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

पण तांबडी रेघ ऐकेना. सात वाजले की ती चढायचीच, आणि आता पूर्वीपेक्षा वर जाऊन साडेआठपर्यंत तिथेच राहायची.

"ताई, एक सांगू का?" रंजना एकदा पिशवी खांद्याला लावताना म्हणाली. "सात वाजाले आले का आजी दाराकडेच पाह्यत रायतात. मी म्हटलं काय पाह्यजे, तर हात सोडवून घेतात."

मला घाबरतात, मोनालीला वाटलं. माझ्या पावलांचा आवाज आला की यांची रेघ चढते. तीन वर्षांत मी एवढंच कमावलं.

ती पुन्हा शौनककडे गेली. त्याने दोन्ही रेघा बराच वेळ पाहिल्या.

"भीती असेल. वाट पाहणंही असेल. कॉर्टिसॉल दोन्हींत वाढतं. चकती ताण किती ते सांगते, कशाचा ते नाही. ते त्यांनाच विचारावं लागेल."

"त्या बोलत नाहीत, सर."

"तुम्ही विचारलंय कधी?"

बारा वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या बाईला हा प्रश्न चांगलाच झोंबला. दुखतंय का, तहान आहे का, एवढंच ती विचारत आली होती. उत्तर हो किंवा नाही येईल एवढंच. 'तुम्हाला काय म्हणायचंय' हे तिने विचारलं नव्हतं, कारण त्याला वेळ लागतो, आणि कक्षात वेळ घालवणं हा गुन्हा असतो.

त्या संध्याकाळी आठ प्रश्न झाल्यावर ती उठली नाही. "आई," ती म्हणाली, "तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?"

एक दाब. इतक्या जोरात, की तिची अंगठी बोटात रुतली.

बाराखडी तर चंद्रकलाबाईंनी हजारभर पोरांच्या तोंडी बसवलेली. मोनालीने ओळ विचारायची, मग ओळीतलं अक्षर, मग काना की वेलांटी. क-ची ओळ? दोन दाब. च-ची? दोन. प-ची ओळ आली तेव्हा एक. प? फ? ब? एक दाब. काना? एक. एका अक्षराला चार मिनिटं लागली. पुढे ळ आला.

"बाळ?"

एक दाब.

"कोणतं बाळ, आई? ते... बाळापूर रोडचं?"

एक दाब.

"त्याचं पुढं काय झालं, हे विचारून राहिल्या तुम्ही?"

एक दाब, आणि त्या अर्ध्या पापणीखालून पाणी कानापर्यंत ओघळलं.

मोनालीने ते पाणी बोटाने टिपलं. आवाज कक्षातला राहिला नव्हता. "मी उठायले लागली का तुम्ही दोनदा हात दाबायच्या. मी सांगू नये म्हणून?"

दोन दाब. नाही.

"सांगणं संपलं नाही म्हणून?"

एक.

तेव्हा तिला सगळं उमगलं. तिला हिरवी पट्टी होती, सासूला नव्हती. विहिरीत पडलेली पोर, छाती धरलेला बाप, निळं पडलेलं बाळ, तीन वर्षांतली शेकडो माणसं मोनालीने या खोलीत आणून अर्ध्यावर सोडली होती आणि स्वतः जेवायला निघून गेली होती. पुढचं विचारायचं नाही या नियमावर तिची झोप उभी होती. आणि इथे, हलताही न येणारी एक बाई, जिने गैरहजर पोराची चौकशी केल्याशिवाय कधी वही मिटली नाही, ती रोज छताकडे पाहत त्यांच्यातल्या एकेकाची काळजी वाहत होती. नको नव्हतं तिला ऐकणं. तिला शेवट हवा होता. ते बाळ आपल्यालाही हवं होतं, हे मोनालीला त्याच वेळी कळलं, आणि आपण ते न विचारता आठ महिने सुखाने जेवलो याची तिला किळस आली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि बाळाला ज्या रुग्णालयात नेलं होतं तिथे गेली. हे नियमाबाहेरचं होतं. नवजात कक्षातल्या थोराड परिचारिकेने ओळखपत्र पाहिलं, मोनालीचा चेहरा पाहिला, आणि पडद्यावर तारीख शोधली.

"मुलगी होती," ती म्हणाली. "दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. मेंदूला प्राणवायू कमी पडला होता."

"अकरा मिनिटं आधी आली असती तर?"

परिचारिकेने चष्मा काढला. "बाई, ते कोण सांगणार? काही वाचतात, काही नाही वाचत. आधी आली असती तर बरं झालं असतं, एवढंच मी सांगू शकते."

बाहेर येऊन मोनाली रिक्षातळाजवळच्या कट्ट्यावर बसली. मुलगी होती हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. मोबाइलवर निळी रेघ पाव तासाने वर जाईल हे तिला ठाऊक होतं. तिने मोबाइल पिशवीत टाकला. घरी जाईपर्यंत तिने एक खोटं तयार केलं. 'वाचली आई, घरी गेली, आता रांगते.' सासू कुठे तपासायला जाणार होती? रक्तदाबासाठी तेच बरं होतं, डॉक्टरसुद्धा तेच म्हणाले असते. शौनकला प्राणायाम सांगितला तसंच हेही सांगून टाकायचं. दारात चप्पल काढेपर्यंत तिचं तेच ठरलं होतं.

रंजना गेली. सासू दाराकडे पाहत होती. मोनालीने खुर्ची ओढली आणि हात हातात घेतला. आज आठ प्रश्न तिला आठवले नाहीत.

"मुलगी होती, आई," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी गेली."

सासूने डोळे मिटले. छाती एकदा वर आली आणि सावकाश खाली गेली. थोड्या वेळाने चेहऱ्यावरची ती ताणलेली रेषा सैल झाली. इतक्या दिवसांत मोनालीला ती दिसलीही नव्हती. त्या संध्याकाळी तांबडी रेघ सात वाजता चढली आणि साडेसातला उतरली. निळी वरच राहिली, पण ते मोनालीने दुसऱ्या दिवशी पाहिलं.

त्या वेळी ती फक्त रडत होती. चौकशीत तिला कुणी दोष दिला नव्हता, शौनकने 'तसं म्हणू नका' म्हटलं होतं, परिचारिकेने सांगता येत नाही म्हटलं होतं. सगळ्यांनी तिला मोकळं केलं होतं आणि ती मोकळी झाली नव्हती. भाजीतलं मीठसुद्धा जिने कधी खपवून घेतलं नाही, अशी एकच बाई तिच्या आयुष्यात उरली होती.

"आई, ते फाटक उघडं होतं. मी मशीनचं ऐकलं असतं तर ती लवकर पोचली असती. ती माझ्यामुळे गेली का?"

सासूने डोळे उघडले. बराच वेळ सुनेकडे पाहिलं. मग हात दाबला.

मोनाली दुसऱ्या दाबाची वाट पाहत राहिली. तो आला नाही. हातही सुटला नाही.